सवाईला सहकुटुंब जाताना

कृष्णाकाठी वाढलेल्या माणसाला उघड्या आभाळाखाली बसून गाणे, कीर्तन किंवा व्याख्यान ऐकण्याचा सराव बालपणापासूनच असतो. हिवाळा सरत आला, की वाईच्या एकेका घाटावर क्रमाक्रमाने कृष्णाबाईचा उत्सव बसू लागतो, मांडव पडतो, आणि रात्रीच्या कार्यक्रमाला आळीतली मंडळी जेवणखाण आटोपून, घरची सतरंजी काखेत मारून सावकाश येऊन बसतात. पुढे वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, म्हणजे हाच श्रोतृसमुदाय तिकडे वळतो. या सगळ्या ऐकण्यात एक सोय इतकी अंगवळणी पडून गेलेली असते, की ती सोय आहे याचेही भान कोणाला राहत नाही: घर हाकेच्या अंतरावर असते. मूल पेंगुळले तर त्याला खांद्यावर टाकून घरी निजवून परत येता येते, वडील माणसाला गारठा बाधू लागला तर कोणी तरी धावत जाऊन शाल घेऊन येतो, आणि मन रमेनासे झाले तर कोणाचाही अवमान न करता उठून जाता येते. पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवास वाईहून सहकुटुंब जाणाऱ्या मंडळींना नेमकी ही सवय नडते. कारण तेथे गाणे आणि अंथरूण यांच्यामध्ये नव्वद-एक किलोमीटरांचा रस्ता, खंबाटकीचा घाट आणि डिसेंबरातील रात्र पसरलेली असते.

आमच्या घरातून त्या शनिवारी जी मंडळी निघाली तींत पंचाहत्तरी ओलांडलेली माझी आत्या होती, सौभाग्यवती होती, दहा वर्षांची मुलगी होती, आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा पुतण्या होता. चौघांच्याही मनात सवाईविषयी ओढ होती. पण ती ओढ एकाच जातीची मात्र नव्हती. आत्याचे माहेरपण पुण्यात गेलेले. रमणबागेच्या मैदानावर रात्रभर चालणारे सवाई तिने ऐकले होते. पंडित भीमसेन जोशी पहाटे गायला बसले, म्हणजे थंडीने आखडलेला तो अफाट समुदाय एकाएकी कसा ताठ होऊन बसे, याचे वर्णन ती अजूनही डोळे मिटून करते. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ च्या सप्टेंबरात निवर्तले, आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, भीमसेनांनी गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला, ही हकीकत तिला तोंडपाठ. सवाई गंधर्वांचे गुरू म्हणजे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब. त्यांची कबर आपल्या मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे, तेव्हा हा उत्सव पुण्यात भरत असला तरी त्याचे मूळ आपल्याच मुलखातले आहे, असे ती मोठ्या अभिमानाने सांगते.

पुतण्याची वाट निराळी. त्याचे कान जॅझवर पोसलेले. सॅक्सोफोन हे त्याचे आवडते वाद्य. ख्यालात काय किंवा जॅझमध्ये काय, ठरलेल्या चौकटीच्या आत राहून ऐन वेळी नवे सुचण्यातच सगळे रहस्य असते, म्हणून एकदा सवाई ऐकायचेच, असा त्याचा निश्चय होता. अमेरिकेतील न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या गावी जॅझचा जो विख्यात खुला उत्सव भरतो, त्याचा आरंभ १९५४ चा, म्हणजे सवाईहून तो एका वर्षाने धाकटा, ही माहिती त्याने गाडीत बसल्या बसल्या पुरवली. आणि मुंबईत १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली तेव्हा सॉनी रोलिन्ससारखा थोर सॅक्सोफोनवादक धोबी तलावाजवळच्या रंगभवनच्या उघड्या रंगमंचावर वाजवून गेला, हे सांगताना त्याचा स्वर हळहळीचा झाला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी त्या रंगभवनातील मैफली बंद पडल्या. या हळहळीत मी त्याच्याबरोबर आहे; शेजारी रुग्णालय असेल तर रुग्णाची निद्रा गाण्याहून श्रेष्ठ मानावी हे मला मान्य आहे, तथापि शहराच्या मध्यभागी, माफक दरात, चांदण्यात बसून ऐकण्याची जागा हरपणे हीदेखील समाजाची हानीच होय.

ध्वनिप्रदूषणाचे जे नियम केंद्र सरकारने २००० साली जारी केले, त्यांनी सवाईचेही रूप पालटले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई झाली. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत मुभा देण्याचा अधिकार राज्य शासनाकडे राहिला. सबब रात्रभराचा सवाई संपला, आणि आताचा उत्सव दुपारी सुरू होऊन दहाच्या ठोक्याला थांबतो; एखाद्या दिवशी, बहुधा शनिवारी, विशेष सवलतीने तो बारापर्यंत लांबतो. जुन्या श्रोत्यांना याचे दुःख होते ते साहजिक आहे. दरबारी, मालकंस यांना हवा असलेला रात्रीचा गडद प्रहर गेला, आणि ललत, भैरव यांची पहाट तर समूळच गेली. परंतु या फेरफाराने एक देणगीही दिली, आणि सहकुटुंब जाणाऱ्याने तिचे मोल ओळखावे: रात्री सुरू होणाऱ्या मैफलींत ज्यांना क्वचितच जागा मिळे ते मुलतानी, मधुवंती, भीमपलास यांसारखे दिवसाचे राग, आणि दिवस मावळताना गायचे मारवा व पूरिया धनाश्री हे राग आता आपापल्या वेळी ऐकायला मिळतात, आणि ते ऐकताना मुले टवटवीत असतात, वृद्धांच्या अंगात उमेद असते. त्या दिवशी आम्हा सर्वांनी मिळून जे खरोखर ऐकले ते हेच. उत्सव आता स्वारगेटजवळ मुकुंदनगरात महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो. तेथे मांडवाच्या कडेने उन्हाची तिरीप आत येत असता एका तरुण गायिकेने मुलतानी मांडला, आणि कोमल गांधारावरून तिने पहिली समेवरची उडी घेतली तेव्हा माझ्या मुलीने माझा हात दाबला.

हात दाबण्याचे कारण असे, की जाण्यापूर्वी काही दिवस तिला एकतालाच्या बारा मात्रा बोटांवर मोजायला शिकवल्या होत्या, आणि सम आली की हात दाबायचा, असा करार ठरला होता. मुलांना शास्त्रीय गाण्यास नेणाऱ्यांनी एवढी एक तजवीज अवश्य करावी. विलंबित ख्यालाच्या संथ आवर्तनात मुलाला करण्यासारखे काही नसेल तर ते कंटाळणारच, त्यात त्याचा दोष नाही. पण समेची वाट पाहण्याचे काम त्याच्याकडे सोपवले, म्हणजे तबलजी कोठे रेंगाळतो, गवई मुखडा उचलण्यास कोठून निघतो, हे त्याचे त्यालाच उमजू लागते. तिने पहिला ख्याल असा ऐकला, त्यानंतरचे सतारवादन त्याहूनही रंगून ऐकले, आणि तिसरे कलाकार बसले त्या सुमारास ती माझ्या मांडीवर गाढ झोपी गेली.

येथून पुढचा वृत्तान्त सावधगिरीचा आहे.

आत्याने भारतीय बैठकीची तिकिटे काढायला लावली होती; खुर्चीवर टेकून ऐकलेले गाणे तिच्या लेखी गाणेच नव्हे. अंथरलेल्या जाजमावर ती तासन् तास मांडी घालून, पाठ ताठ ठेवून बसली, आणि मध्यंतरात उठू लागली तेव्हा तिचे गुडघे हलेनात. पुतण्याने आणि सौभाग्यवतीने दोन्ही बाजूंनी धरून तिला उभे केले. पण स्वच्छतागृहापर्यंतचे अंतर तिला इतके दूर झाले, की पुढचा कलाकार सुरू होऊन बराच वेळ लोटला तरी त्या दोघी परत आल्या नाहीत. त्यातच तिचे श्रवणयंत्र. ध्वनिवर्धकाच्या मनोऱ्याजवळ जागा मिळाल्याचा आम्हाला आनंद झाला होता. परंतु श्रवणयंत्र माणसाच्या बोलण्यासाठी जुळवलेले असते, आणि जवळून येणारा मोठा नाद त्यातून कर्कश व फुटका होऊन कानी पडतो. आपल्याला गाणे फाटके ऐकू येते आहे, हे तिने आम्हाला सांगितले नाही. तो गवयाचा दोष असावा असे समजून ती निमूट बसून राहिली. दुपारी तीस अंशांच्या घरात असलेली हवा रात्री दहा-बारा अंशांवर उतरली. निजलेल्या मुलीच्या अंगावर सौभाग्यवतीने आपली शाल घातली, आणि ती स्वतः पदर लपेटून कुडकुडत राहिली. ज्या ज्येष्ठ गायकासाठी आम्ही मुद्दाम शनिवार निवडला होता, ते अखेरीस गायला बसले तेव्हा आमच्यापैकी कोणाचेही चित्त गाण्यापाशी नव्हते: एकीचे गुडघ्यांपाशी, दुसरीचे मुलीच्या कढत कपाळापाशी, माझे घड्याळापाशी, आणि बिचाऱ्या पुतण्याचे आम्हा सर्वांपाशी. कुटुंबाची श्रवणशक्ती त्यातल्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या शक्तीएवढीच असते, हे मला तेथे कळून चुकले. एकटा श्रोता आपल्या हौसेच्या बळावर पहाटेपर्यंत बसू शकेल. कुटुंब बसू शकत नाही, आणि त्याला बसवू नये.

बारा वाजून गेल्यावर आम्ही परत निघालो. वाईहून केलेली भाड्याची गाडी होती. डिसेंबर हा आपल्या भागात प्रवाशांच्या गर्दीचा महिना. चालक त्याच दिवशी पहाटेपासून पाहुण्यांना महाबळेश्वर दाखवून, दुपारी थेट आमच्याकडे रुजू झाला होता. गाण्याच्या वेळात तो गाडीत झोपेल असा आमचा समज; पण वाहनतळावरच्या गोंगाटात आणि गाड्या पुढेमागे करण्याच्या धांदलीत त्याला डोळा लावता आला नव्हता. खेड-शिवापूर मागे पडले. मुलगी तापाने ग्लानीत, मागची मंडळी पेंगलेली. जागी होती ती फक्त आत्या. गुडघ्यांच्या वेदनेने तिला झोप नव्हती. गाडी हळूहळू डावीकडे कलत रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर गेली, तेव्हा ती एवढ्या मोठ्याने ओरडली, “अरे बाळा, जागा हो! गाडी थांबव!” की आम्ही सारेच दचकून उठलो. चाके खडीवर उतरली होती. पुढे दिवे न लावता उभी असलेली एक मालमोटार काही हातांवर होती. चालकाने गाडी थांबवली, तोंडावर पाणी मारले, आणि मग पहाटेपासूनची आपली सगळी फिरती सांगितली. त्याच्यावर रागावण्याचे कोणालाही सुचले नाही. अठरा-वीस तास जागलेल्या देहाला मध्यरात्रीनंतर आणि विशेषतः उजाडण्यापूर्वीच्या प्रहरात जी झोप येते ती इच्छेच्या ताब्यात नसते. डोळे उघडे असताही मेंदू काही क्षण निजतो, आणि महामार्गाच्या वेगात तेवढ्या क्षणांत गाडी कितीतरी पुढे गेलेली असते. शिरवळच्या एका उघड्या खानावळीत आम्ही थांबलो. मुलीला औषध दिले, चालकाला बाकावर आडवे केले, आणि उजेड पडल्यावर खंबाटकीचा घाट ओलांडला. वाईहून पुण्याला जाताना बोगदा लागे, परतताना मात्र वळणांचा घाट चढून उतरावा लागे, अशी त्या वेळी वाहतुकीची वाटणी होती. त्या स्थितीत, त्या अंधारात, तो घाट आम्ही ओलांडला असता तर काय झाले असते, याचा विचार आजही मी फार वेळ करू शकत नाही.

म्हणून वाई, सातारा, कराड अथवा सांगलीकडून सहकुटुंब सवाईला जाणाऱ्यांस माझे कळकळीचे सांगणे आहे, की तिकिटांच्या आधी मुक्कामाचा बंदोबस्त करावा. पुण्यात नातलग नाही असे घर आपल्याकडे विरळा. त्यांच्याकडे एक रात्र पथारी टाकण्याचा संकोच धरू नये. ते शक्य नसेल तर स्वारगेटच्या परिसरात निवाऱ्याची सोय पाहावी, कारण तेथून मैदान जवळ आणि सकाळी वाईची एस.टी. धरणेही सुकर. मुक्काम मुळीच साधणार नसेल, तर दहाला संपणारा दिवस निवडावा, आणि त्या दिवशीही शेवटच्या कलाकाराचा मोह सोडून, आठाच्या सुमारास, मध्ये एका कलाकाराचे सादरीकरण संपून दुसऱ्याची जुळवाजुळव चालू असता, शांतपणे उठावे. गाडी भाड्याची असेल तर चालक आदल्या रात्री किती झोपला आणि त्या दिवशी कोठे कोठे फिरून आला, हे भाडे ठरवतानाच विचारावे. त्यात अविश्वास नाही, ती त्याच्याही जिवाची काळजी आहे. त्याला मैदानाबाहेर ताटकळत ठेवण्यापेक्षा त्याच्या जेवणाची व निजण्याची सोय करून देणे हे गाडी ठरवणाऱ्याचे कर्तव्यच समजावे. घरचेच कोणी गाडी चालवणार असेल, तर त्या माणसाने दुपारचे गाणे ऐकावे आणि संध्याकाळी झोप घ्यावी. त्याची ही हानी बाकीच्यांनी कृतज्ञतेने स्मरावी.

कलाकारांची यादी काही आठवडे आधी प्रसिद्ध होते. ती घेऊन घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे, आणि प्रत्येकाने आपला एकच कलाकार सांगावा. चार-पाच कलाकारांच्या दिवसात सगळे ऐकलेच पाहिजे, पैसे वसूल झाले पाहिजेत, ही भावना मोठी घातक. तिच्यापायी शेवटी काहीच ऐकले जात नाही. ज्याचा कलाकार चालू असेल त्याला त्या वेळी मुलाची अथवा म्हाताऱ्यांची जबाबदारी असू नये, ती दुसऱ्याने घ्यावी. आमच्या घरात स्त्रियांच्या वाट्याला हे निर्वेध ऐकणे सर्वांत कमी येते, हे त्या रात्री माझ्या ध्यानात आले, आणि माझा कयास आहे, की इतर घरांतही स्थिती फारशी वेगळी नसावी. सौभाग्यवतीला सतार प्रिय. ती सतार चालू असता ती मुलीसाठी पाण्याची बाटली भरून आणावयास रांगेत उभी होती.

बसण्याविषयी थोडे. साठी ओलांडलेल्यांनी खुर्चीच घ्यावी, आणि तीही वाटेच्या कडेची, म्हणजे अधूनमधून उठून चार पावले चालता येते. सर्वांनी एकत्रच बसले पाहिजे असा नियम नाही. तरुणांनी खुशाल बैठकीवर बसावे, मात्र मध्यंतरात भेटण्याचे ठिकाण आधी मुक्रर करावे, कारण त्या गर्दीत भ्रमणध्वनीचा भरवसा धरता येत नाही. ध्वनिवर्धकाच्या अगदी समोर लहान मुले आणि श्रवणयंत्र लावणारी माणसे यांना बसवू नये. मांडवाच्या मध्याच्या थोडे मागे नाद सर्वांत समतोल लागतो, असा माझा अनुभव. यंत्राचा आवाज कमी करून पाहावा, आणि ते जुळवून देणाऱ्याला संगीतासाठी वेगळी जुळणी करून मागावी; आत्याने पुढे तशी ती करवून घेतली. कपडे दोन ऋतूंचे न्यावेत, औषधे जवळ असावीत, जेवण साडेसातच्या आत उरकावे.

आणि मूल पहिल्यांदाच जात असेल तर त्याला एकदम सवाईला नेऊ नये, असेही मला सुचवावेसे वाटते. आपल्याच सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातील औंध येथे, गायनाचार्य अंतूबुवा जोशी यांनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ सुरू केलेला संगीतोत्सव अनेक दशके चालू आहे. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या दिवसांत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीस वंदन करणारी संगीत सभा भरते. तेथे कलाकार आणि श्रोता यांच्यामध्ये फार अंतर नसते, तानपुऱ्याच्या तारा जुळवतानाचे बारकावे मुलांना दिसतात, आणि कंटाळलेल्या मुलाला हाताशी धरून बाहेर फिरवून आणता येते. औंधला जाणाऱ्यांनी सकाळीच पोहोचावे, यमाईचे दर्शन घ्यावे, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या संग्रहालयात मुलांना राजा रविवर्म्याची चित्रे दाखवावीत, दुपारी विश्रांती घ्यावी आणि मग ऐकण्यास बसावे. हा उत्सव आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास, म्हणजे कोजागिरीनंतर चार-पाच दिवसांनी असतो, त्यामुळे थंडीचा कडाका अजून सुरू झालेला नसतो, आणि सवाईची यादी प्रसिद्ध होईपर्यंत मुलाला काय आवडले, किती वेळ बसवले आणि कोणते वाद्य पुन्हा ऐकायचे आहे, हे त्याच्याच तोंडून विचारून घेण्यास पुरेसा अवधी हाती राहतो.